पहिल्यांदाच प्रचारसभेला जाताय? मैदानातल्या गर्दीचं गणित आधी समजून घ्या

निवडणूक लागली की मोबाईलवर दोन गोष्टींचा पूर येतो. एक म्हणजे भाषणांचे तुकडे आणि दुसरी म्हणजे ड्रोनमधून काढलेले गर्दीचे व्हिडिओ. खाली लिहिलेलं असतं, 'लाखोंचा जनसागर'. हे बघून अनेकांना वाटतं, एकदा तरी प्रत्यक्ष मैदानात जाऊन सभा ऐकावी.

जरूर ऐकावी. पण मोबाईलवर दिसणारी सभा आणि मैदानातली सभा यात बराच फरक असतो. गर्दी जमते कशी, ती मोजतं कोण, ती धोकादायक कधी होते आणि त्यावरून निकाल कळतो का, हे माहीत असेल तर पहिली सभा नीट बघता येते आणि सुखरूप घरीही येता येतं.

गर्दी जमते कशी?

काही लोक नेत्याला ऐकायला आपणहून येतात, यात शंका नाही. पण मोठ्या सभेचं मैदान फक्त त्यांच्यावर सोडलं जात नाही. सभा ठरली की तालुक्याच्या, वॉर्डाच्या पदाधिकाऱ्यांना आकडे वाटून दिले जातात. कोणत्या गावातून किती गाड्या निघणार, याची यादी होते. पाणी, नाश्ता, टोपी, उपरणं यांची सोय होते.

मुख्य नेता उशिरा येतो तेही बऱ्याचदा याच कारणाने. एका दिवसात तीन-चार सभा असतात, हेलिकॉप्टरचं वेळापत्रक कोलमडतं आणि मैदान भरल्याशिवाय नेत्याला मंचावर आणायचं नसतं. तोवर स्थानिक नेत्यांची भाषणं चालू राहतात. पत्रिकेवर पाचची वेळ असेल तर मुख्य भाषण सातला सुरू होईल, असं धरूनच निघावं.

मात्र रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. म्हणूनच घड्याळात पावणेदहा वाजले की भाषणांचा वेग अचानक वाढतो. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास तर जाहीर सभा घेताच येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ मध्येच तशी तरतूद आहे.

गर्दी मोजतं कोण?

मैदानात एक कॅमेरा असा असतो जो ना पक्षाचा असतो ना चॅनेलचा. तो निवडणूक यंत्रणेच्या व्हिडिओ पथकाचा. स्टेज केवढं, खुर्च्या किती, गाड्या किती, बॅनर किती, हे सगळं ते पथक टिपतं. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याचं एक दरपत्रक असतं. त्यात खुर्ची, मंडप, चहा, वडापाव अशा प्रत्येक गोष्टीचा दर ठरलेला असतो. त्यावरून सभेचा खर्च काढला जातो.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. स्टार प्रचारकाचा प्रवास पक्षाच्या खात्यात जातो. पण उमेदवार मंचावर बसला, किंवा त्याचं नाव, फोटो सभेत झळकला, तर सभेचा खर्च त्याच्या हिशेबात येतो.

त्यामुळे एक गंमत होते. सोशल मीडियासाठी गर्दी जितकी मोठी दिसेल तितकी चांगली, खर्चाच्या वहीत मात्र ती जितकी लहान दिसेल तितकी बरी.

'लाखोंची गर्दी' तपासायची कशी?

याची एक जुनी आणि सोपी पद्धत आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतले पत्रकार आणि प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी ती मांडली. विरळ गर्दीत एका माणसाला साधारण १० चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत साडेचार. मैदानाचं क्षेत्रफळ भागिले ही जागा, की अंदाज तयार.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे विरळ उभे राहिले तर एकरात सव्वाचार-साडेचार हजार लोक, दाटीने उभे राहिले तर साडेनऊ हजारांच्या आसपास. दादरचं शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं आहे. ते काठोकाठ दाटीने भरलं तरी हिशेब पावणेतीन लाखांच्या आतच थांबतो. त्यातून स्टेज, त्यासमोरची बॅरिकेड लावलेली मोकळी जागा आणि जाण्यायेण्याच्या वाटा वजा करायच्या. खुर्च्या मांडल्या असतील तर आकडा आणखी खाली येतो.

मग तालुक्याच्या पाच एकरांच्या मैदानावर 'दोन लाखांची विराट सभा' कशी होते? ती मैदानावर होत नाही, पोस्टमध्ये होते.

गर्दी जीवावर कधी बेतते?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तमिळनाडूतल्या करूरमध्ये अभिनेते विजय यांच्या प्रचारसभेत चेंगराचेंगरी झाली आणि ४१ जणांचा जीव गेला. दुपारी येणारे विजय संध्याकाळी सातनंतर पोहोचले. लोक सकाळपासून उभे होते आणि गर्दी वाढतच गेली.

चेंगराचेंगरी म्हटलं की लोक पळाले आणि कोणीतरी पायाखाली आलं, असं चित्र डोळ्यासमोर येतं. पण अशा दुर्घटनांत अनेकांचा जीव उभ्या-उभ्याच जातो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं कोंबली गेली की स्वतःच्या मर्जीने हलता येत नाही. चारी बाजूंनी छाती दाबली जाते आणि श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

दुसरा धोका उन्हाचा. लोकसभेचा प्रचार ऐन एप्रिल-मे महिन्यात येतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमधला सोहळा प्रचारसभा नव्हता, तो सरकारी पुरस्काराचा कार्यक्रम होता. पण उघड्या मैदानात तासन् तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. एप्रिल २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या सभेत तर भाषण करताना खुद्द नितीन गडकरींना भोवळ आली होती. मंचावर ही स्थिती, तर मैदानात काय?

मग जाताना काय लक्षात ठेवायचं?

- आत शिरताच बाहेर पडायच्या दोन वाटा बघून ठेवा. ज्या गेटने आलात, परतताना सगळे त्याच गेटवर जमतात.
- बॅरिकेडला चिकटून उभं राहू नका. मागून रेटा आला की सुटका नसते. बाजूच्या कडेला, स्क्रीन दिसेल तिथे थांबा.
- आजूबाजूच्यांचे खांदे सतत लागायला लागले, की निघायची वेळ झाली. दाटीत अडकलात तर दोन्ही हात छातीसमोर धरा, रेट्याच्या विरुद्ध जोर लावू नका, रेटा ओसरला की तिरकं कडेकडे सरका. खाली पडलेली चप्पल किंवा मोबाईल उचलायला वाकू नका.
- लहान मुलं आणि वयस्कर माणसांना मोठ्या सभेला नेणं टाळा.
- मोठ्या नेत्यांच्या सभेत बॅगा, कधी पाण्याच्या बाटल्याही आत नेऊ देत नाहीत. काळे रुमाल काढून घेतल्याचेही प्रकार घडलेत. त्यामुळे पाणी पिऊनच आत जा.
- सभा उधळून लावणं हा कलम १२७ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.
- पैसे किंवा दारू वाटताना दिसली तर सी-व्हिजिल ॲपवर फोटो, व्हिडिओ टाकता येतो. शंभर मिनिटांत कारवाई अपेक्षित असते.

गर्दी बघून निकाल सांगता येतो का?

२०१९ ची लोकसभा आठवून बघा. राज ठाकरेंच्या 'लाव रे तो व्हिडिओ' सभा तुफान गाजल्या. मनसेचा एकही उमेदवार नव्हता, सगळा रोख भाजपविरोधात होता. नांदेड आणि सोलापुरातही सभा झाल्या. निकालात मात्र अशोक चव्हाण आणि सुशीलकुमार शिंदे दोघेही हरले. राज्यात ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला मिळाल्या.

त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. तिथल्या लोकसभा पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी उदयनराजेंना हरवलं.

म्हणजे सभा कधी वारं फिरवते, कधी नुसतीच गाजते. मैदानात टाळ्या वाजवणारा मतदार त्याच मतदारसंघातला असेल असंही नाही आणि तो फक्त एकाच पक्षाच्या सभेला जातो असंही नाही. एका मैदानात हजारो लोक असतात, विधानसभेच्या एका मतदारसंघात मात्र मतदार लाखांत असतात. त्यातले बहुतेक त्या संध्याकाळी घरीच असतात.

त्यामुळे पुढच्या वेळी ड्रोनचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी मैदान किती एकरांचं आहे ते बघा. आणि त्या व्हिडिओतला एक ठिपका व्हायला निघाला असाल, तर बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा.