पृथ्वी मध्यावर का फुगली?

श्रोतेहो, पृथ्वी संत्र्यासारखी ध्रुवांशी चपटी आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत घोकले. ते सिद्ध करताना माणसांनी काय सोसले, हे मात्र त्या धड्यात नव्हते.

सुरुवात झाली एका घड्याळापासून. १६७२ साली ज्यां रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला. त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक अंमळ आखूड केला तेव्हा कुठे वेळ जमली. म्हणजे विषुववृत्ताजवळ गुरुत्वाची ओढच कमी! न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात उकल केली. विषुववृत्तावरचा माणूस पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरत असतो; ध्रुवावरचा जागच्या जागी गिरकी घेतो. या भ्रमणामुळे पृथ्वीचा मध्यभाग बाहेर रेटला जातो.

पॅरिसच्या कासिनी पितापुत्रांना हे पटेना. त्यांच्या मोजणीत उत्तरेकडे अंशाची लांबी घटत होती, म्हणजे पृथ्वी अंड्यासारखी उभट ठरत होती. न्यूटन खरा असेल तर उलट व्हायला हवे. कारण जमिनीची वक्रता जिथे कमी, तिथे ताऱ्याची उंची एका अंशाने बदलायला अधिक चालावे लागते. तेव्हा मोजूनच पाहायचे ठरले. १७३५ साली एक तुकडी पेरूकडे निघाली; १७३६ साली मोपेर्त्यूई दुसरी घेऊन लॅपलंडला गेला. तो पुढच्याच वर्षी परतला. अंश तिथे लांब भरला, न्यूटन जिंकला.

पेरूवाल्यांचे काय? अँडीजची थंडी, आपसांतली भांडणे. १७३९ साली तर त्यांच्या शल्यवैद्याला जमावाने ठार केले. निकाल लागल्याची वार्ता त्यांना तिकडेच कळली. तरी त्यांनी मोजणी सोडली नाही. मला मोपेर्त्यूईपेक्षा हीच माणसे मोठी वाटतात. ला काँदामीन पॅरिसला पोचला तो १७४५ साली.

आपल्याकडे लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळून हेच काम आरंभले, आणि उत्तरेकडे सरकता सरकता १८२३ साली आपल्या हिंगणघाटास देह ठेवला.

आणि फुगवटा केवढा? विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांशी ६,३५७. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर!