आधी काय आणि मग काय?

महात्मा जोतीराव फुले 1876 साली पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. त्यांच्या कारकिर्दीत मंडईसाठी भव्य इमारत उभारण्याचा विचार पुढे आला, तेव्हा हा पैसा आधी शिक्षणाकडे वळवावा, असा आग्रह त्यांनी धरला. तो मानला गेला नाही. 1886 साली मंडई उभी राहिली. आणि दैवगती अशी की, पुढे तिला त्यांचेच नाव देण्यात आले. ती वास्तू आज पुण्याचे भूषण आहे, यात शंका नाही. परंतु जोतीरावांचा प्रश्न मूलतः क्रमाविषयी होता. तिजोरीत रुपया एक आणि गरजा दहा असता पहिला मान कोणत्या गरजेचा? आणि तो ठरवावयाचा कोणी?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घटनेने दिले आहे. 1993 साली अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या. शहराचा कारभार नागरिकाच्या दारापर्यंत यावा, हा त्यामागील हेतू. पुणे महापालिका 2006 साली याच्याही एक पाऊल पुढे गेली आणि आपल्या भागात कोणती लहान कामे व्हावीत, हे नागरिकांनी अर्ज भरून सुचवावे, अशी प्रथा तिने सुरू केली. पदपथ, दिवे, बसथांबे, स्वच्छतागृहे अशी ही कामे. देशातील फार थोड्या शहरांनी असा प्रयोग केला आहे. पुणेकरांस त्याचा अभिमान वाटावा, हे योग्यच होय.

तथापि अर्ज म्हणजे विचारविनिमय नव्हे. अर्ज प्रत्येकाने आपापल्या घरी बसून भरावयाचा असतो, आणि घराच्या खिडकीतून जेवढे दिसते तेवढेच त्यात उतरते. असे शेकडो अर्ज एकत्र केले तर मागण्यांची यादी तयार होते. अग्रक्रम तयार होत नाही. ज्याच्यापाशी लेखणी, वेळ आणि कचेरीची ओळख आहे, त्याची मागणी कागदावर येते. सोसायटीच्या फाटकापुढे बाक हवा, हे लिहिणारे हात पुष्कळ आहेत. नाल्यापलीकडच्या वस्तीत रात्री सार्वजनिक शौचालयाकडे जाणाऱ्या बाईला वाटेवर दिवा हवा असतो. तो अर्ज बहुधा कोणी भरीत नाही. आमच्या वाचकांस हे कटू वाटेल. परंतु दोष केवळ महापालिकेचा नाही, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

नगरसेवकाचे खरे काम येथे सुरू होते. दुर्दैवाने बाक, नामफलक आणि फरशा ही कामे झटपट होतात, डोळ्यांस दिसतात आणि त्यांचे उद्‌घाटनही थाटात करता येते. सांडपाण्याची नळी मात्र जमिनीखाली गाडली जाते आणि तिच्यावर कोणाचेही नाव कोरता येत नाही! त्यातच 2017 च्या निवडणुकीत पुण्यात बहुतेक प्रभागांतून चार-चार सभासद निवडले गेले. चौघांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे, असा अनुभव अनेकांस आला. पुढे मार्च 2022 मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणुकांअभावी कित्येक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. आपले गाऱ्हाणे ऐकण्यास निवडून दिलेला माणूसच नसणे म्हणजे काय, हे त्या काळात शहराने पाहिले. परंतु असा माणूस असणे एवढेच पुरेसे नाही. त्याने लोकांसह बसले पाहिजे.

कसे बसावे, याचा धडा दूरच्या एका शहराने घालून दिला आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथे 1989 पासून रहिवासी सभांतून खर्चाचा क्रम ठरवू लागले. तेथील वार्षिक सभांचा आरंभ नव्या मागण्यांनी होत नसे. गेल्या वर्षी ठरलेल्या कामांचे काय झाले, याचा हिशेब आधी द्यावा लागे. आणि वाटणी करताना ज्या भागात सोयींची उणीव अधिक, त्याचे पारडे जड धरले जाई.

यात आपणांस अशक्य असे काय आहे? आयुक्तांचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी प्रत्येक प्रभागातील नगरसेवकांनी पालिकेच्या शाळेत एक सभा घ्यावी आणि दुसरी वस्तीत, बायाबापड्यांना सोयीच्या वेळी. अभियंत्याने प्रत्येक कामाचा खर्च तेथेच सांगावा. सर्वांसमक्ष कामांना एकपासून दहापर्यंत क्रमांक द्यावेत, ती यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या दर्शनी भागी लावावी, आणि पुढील वर्षीची सभा तिच्याच वाचनाने सुरू करावी. याला नवा कायदा लागत नाही. इच्छा मात्र लागते.

आणि सभेस जाणाऱ्या सुशिक्षित नागरिकालाही काही तयारी करावी लागेल. आपली मागणी मांडणे सोपे असते. शेजारच्या वस्तीतील बाईचे म्हणणे ऐकून घेऊन, “आमचा बाक पुढच्या वर्षी, यांचा दिवा आधी”, असे सभेत उभे राहून म्हणणे कठीण असते. जोतीरावांचे नाव मंडईला देऊन त्यांचा गौरव झाला. त्यांचा प्रश्न आपापल्या प्रभागात विचारणे हे काम अजून शिल्लक आहे.