जुन्या हॅचबॅकची हरवलेली चाल

मागचा दरवाजा छतापासून वर उघडणारी, चौकोनी कुटुंबाला पुरेशी आणि अरुंद गल्लीत सहज वळणारी छोटी मोटार म्हणजे हॅचबॅक. तिच्यात आकाराच्या मानाने दणकट इंजिन आणि ते पेलू शकणारे सस्पेन्शन बसवले की मोटारींच्या परिभाषेत तिला 'हॉट हॅचबॅक' म्हटले जाते. १९७६ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने हा प्रकार जर्मनीत रुजवला, तर महाराष्ट्रात त्याचा माग कुर्ल्यापर्यंत जातो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी घडवली, तिथूनच २००१ मध्ये फियाटची पालिओ बाहेर पडली, आणि तिच्या १.६ लिटर, सुमारे १०० अश्वशक्तीच्या आवृत्तीला मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात निष्ठावान चाहते मिळाले. सचिन तेंडुलकरच्या नावाची 'एस-१०' ही मर्यादित आवृत्तीही याच मोटारीची. पुढे २०१३ मध्ये चाकणहून पोलो जीटी टीएसआय आणि २०१५ मध्ये रांजणगावहून १४५ अश्वशक्तीची पुंतो अबार्थ आली. या तिन्ही मोटारींचे उत्पादन आता थांबलेले आहे, त्यामुळे त्यांची मूळ चाल टिकवण्याची किंवा परत मिळवण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर आणि त्याच्या मेकॅनिकवर येऊन पडते.

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वसाहतीतून निघालेल्या मोटारीला एकाच फेरीत किती वेगवेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात, हे पाहिले म्हणजे या कामातली अडचण ध्यानात येते. सुरुवातीला सोसायटीचे पेव्हर ब्लॉक आणि हात-दीड हातावर उंचवटे करून ठेवलेले गतिरोधक, मग गोल्डन नेस्ट चौकातून काशिमीऱ्यापर्यंत थांबत-थांबत जाणारा रस्ता, पुढे महामार्गाचा वेग, आणि फाउंटन हॉटेलपाशी घोडबंदरच्या बाजूला वळले तर गायमुखचा चढ-उताराचा, वळणांचा आणि पावसाळ्यात हमखास उखडणारा घाट. ज्या सस्पेन्शनने खड्डा गिळायचा त्यानेच वळणावर मोटार सावरायची, ही मागणी गुळगुळीत सर्किटवरच्या मोटारीपेक्षा अधिक अवघड आहे.

सस्पेन्शनचे काम स्प्रिंग आणि डॅम्पर हे दोन भाग वाटून घेतात. स्प्रिंग मोटारीचे वजन तोलते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. डॅम्पर, ज्याला गॅरेजात 'शॉकअप' म्हणतात, ती ऊर्जा बारीक छिद्रांतून तेल ढकलून उष्णतेत बदलतो आणि स्प्रिंगचे हेलकावे थांबवतो. साध्या प्रवासी मोटारीचा सांगाडा आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होईल, असे तिचे गणित बसवलेले असते, आणि मागच्या स्प्रिंगा पुढच्यांपेक्षा किंचित जलद ठेवलेल्या असतात. याचे कारण मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात स्पष्ट केले: उंचवटा आधी पुढच्या चाकांना आणि क्षणभराने मागच्या चाकांना भेटतो, म्हणून मागची बाजू थोडी जलद हलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि मोटार घोड्यासारखी डुलत राहत नाही. बाजारातून आणलेल्या कुठल्याही कडक स्प्रिंगा पुढे-मागे बसवल्या की हाच ताळमेळ सर्वात आधी बिघडतो.

पंधरा-वीस वर्षांच्या मोटारीची चाल बिघडते ती मात्र बहुधा स्प्रिंगमुळे नव्हे, रबर आणि तेल थकल्यामुळे. लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारी खालची भुजा, ज्या बुशांवर फिरते त्या बुशांमध्ये रबराची जाड नळी दोन धातूच्या नळ्यांच्या मध्ये चिकटवलेली असते. भुजा वरखाली होते तेव्हा हे रबर घसरत नाही, पिळवटते. ते भेगाळले की ब्रेक दाबताच चाक काही मिलिमीटर मागे सरकते आणि स्टीअरिंगचा नेमकेपणा जातो. डॅम्परचे थकणे याहून फसवे, कारण ते इतके हळूहळू होते की रोज चालवणाऱ्याला बदल जाणवतच नाही.

बुश बदलताना एक बारीक गोष्ट वारंवार चुकते आणि तिच्यावर या लेखात थोडे थांबणे गरजेचे आहे. मोटार जॅकवर चढवलेली असते, चाके लोंबकळत असतात, आणि तशाच स्थितीत आर्मचा बोल्ट पूर्ण आवळला जातो. रबर त्या लोंबत्या कोनात पक्के होते, आणि मोटार जमिनीवर उतरताच ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. असा नवा बुश थोड्याच काळात फाटतो आणि दोष सुट्या भागाच्या दर्जाला दिला जातो. बोल्ट आधी सैल लावून, मोटार चाकांवर उभी करून, एकदोनदा दाबून बसू दिल्यानंतरच शेवटचा आवळ द्यावा, हीच योग्य रीत आहे. तिला पंधरा मिनिटे जास्त लागतात आणि खर्च काहीच लागत नाही.

यानंतर येतो मोटार खाली बसवण्याचा मोह. पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या मोटारीत, आणि वर उल्लेखलेल्या तिन्ही मोटारी तशाच आहेत, डॅम्पर हाच चाकाचा वरचा आधार असतो आणि खाली एकच आर्म असतो. कंपनीने ठरवलेल्या उंचीवर हा आर्म जवळपास आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. मोटार खाली आणली की तो चाकाकडे वर चढू लागतो. वळणावर मोटार ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि आर्मच्या या बदललेल्या कोनामुळे तो बिंदू मोटारीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो. दोहोंतले अंतर वाढते, म्हणजे मोटारीला कलंडवणारी तरफ लांब होते. मोटार दिसायला जमिनीलगत येते, पण स्प्रिंगचा कडकपणा पुरेसा वाढवला नसेल तर वळणावर अधिक कलते. शिवाय टाय रॉडचा, म्हणजे स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचा, कोन बिघडल्याने खड्ड्यावर चाके आपोआप थोडी वळतात. मूळ स्प्रिंग कापणे तर याहून वाईट, कारण वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते, तिची हालचाल आखूड होते आणि गतिरोधकावर स्ट्रट थेट बंप स्टॉपरवर, म्हणजे हालचालीच्या टोकाच्या रबरी अडसरावर, आदळतो. इंद्रलोकच्या रस्त्यांसाठी मोटार खाली करणे हा चुकीचा निर्णय आहे, असे म्हणायला कोणतीही अडचण नाही.

खरी सुधारणा करायचीच असेल तर मूळ उंची राखून चांगल्या प्रतीचे, किंचित अधिक नियंत्रण देणारे डॅम्पर घ्यावेत, ते जोडीने बदलावेत, आणि त्यांच्याबरोबर स्ट्रटची वरची माउंटिंग व लिंक रॉडही नवे घालावेत. पुढची चाके ओढणाऱ्या मोटारीत त्याच दोन टायरांना ओढणे आणि वळवणे ही दोन्ही कामे करावी लागत असल्याने वेगात घेतलेल्या वळणावर तिचे नाक बाहेर सरकते; या अंडरस्टीअरवर मागच्या बाजूला जाड अँटी-रोल बार, म्हणजे मोटारीचे कलणे रोखणारी सळई, बसवणे हा परदेशात रूढ असलेला उपाय आहे. तो पुढच्या टायरांवरचा भार हलका करतो खरा, पण तेवढीच मागची पकड घटवतो, आणि गायमुखच्या ओल्या उतारावर चालकाने दचकून ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू निसटू शकते. चार महिने पाऊस झेलणाऱ्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या मोटारीत हा उपाय टाळलेला बरा.

व्हील अलाइनमेंट हे शेवटचे काम असून नवे भाग बसल्यानंतरच ते करावे, सैल बुशांवर केलेले अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतच टिकते. कायद्याची बाजूही पाहून घ्यावी: मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई ठामपणे उचलून धरली, आणि १५ वर्षे पूर्ण झालेल्या खासगी मोटारीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला उभे राहावेच लागते.

टायर या सगळ्याच्या आधी येतात, कारण रस्त्याला टेकतात ते फक्त तेच, प्रत्येकी साधारण तळहाताएवढे. वर्षे लोटली की खाचा शाबूत दिसल्या तरी रबर कडक होते आणि ओल्या काँक्रीटवर पकड सोडते. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार अंक असतात; २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. जुनी पालिओ किंवा पोलो बाळगणाऱ्या प्रत्येकाने स्प्रिंगांची चौकशी करण्यापूर्वी, जून उजाडण्याच्या आत, चारही टायरांवरचे हे अंक वाकून वाचावेत.