आठशे कोटींचा नेमार आणि अंबरनाथचा टर्फ

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार. दिवाळी तोंडावर आलेली, घरी चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली उतरलेला, आणि आम्ही चौघं मात्र बदलापूरहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळ असे निघालेलो. डी. वाय. पाटील स्टेडियमवर एएफसी चॅम्पियन्स लीगची मॅच होती, मुंबई सिटी विरुद्ध अल हिलाल. ऑगस्टमध्ये ड्रॉ निघाल्यापासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. नेमार येणार! नेरूळला! मी तर उल्हासनगरच्या बाजारातून तीनशे रुपयांत दहा नंबरची निळी जर्सी घेऊन ठेवलेली.

नेमार आलाच नाही. तीन आठवडे आधी, १७ ऑक्टोबरला, ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा गेला होता. आम्हाला ते माहीत होतं, पण जर्सी काही परत होत नव्हती. अल हिलाल २-० ने जिंकले. रियाधमध्ये त्यांनी मुंबईला सहा गोल मारले होते, म्हणून आम्ही दोनवर खूश होतो. परतीच्या लोकलमध्ये एकाने मोबाइलवर हिशोब सुरू केला. अल हिलालने नेमारसाठी पॅरिसच्या पीएसजीला ९ कोटी युरो मोजले, म्हणजे तेव्हाच्या दराने आठशे कोटी रुपयांच्या वर. पुढे तो त्यांच्याकडून एकूण किती मॅच खेळला? सात. जानेवारी २०२५ मध्ये करार संपवून तो ब्राझीलला परत गेला.

त्याआधी २०१७ मध्ये पीएसजीने त्याला बार्सिलोनाकडून घेतलं ते २२ कोटी २० लाख युरोंना. हा आकडा आजही जागतिक विक्रम आहे. रुपयात सोळाशे कोटींच्या पुढे. आपल्या आयएसएलमध्ये कित्येक हंगाम एका क्लबला अख्ख्या टीमच्या पगारावर साडेसोळा कोटींची मर्यादा होती. म्हणजे नेमारच्या एका सहीत आयएसएलच्या एका टीमचे शंभर वर्षांचे पगार निघाले असते.

इथे थांबून 'बाप रे' म्हणायचं आणि रील पुढे सरकवायचं, हे आपण सगळेच करतो. मीही केलं. पण हा पैसा येतो कुठून, जातो कुठे आणि त्यातला एखादा रुपया आपल्याकडे कधी येऊ शकतो का, हे मी तेव्हा शोधलं नव्हतं. ते शोधायला लावलं माझ्या मावसभावाने. तेरा वर्षांचा आहे, अंबरनाथला राहतो, टर्फवरच्या एका अकॅडमीत लेफ्ट विंग खेळतो. त्याचं पुढे सांगते.

आधी एक गैरसमज काढू. ट्रान्सफर फी ही खेळाडूची किंमत नसते. खेळाडूचा एका क्लबशी ठरावीक वर्षांचा करार असतो. तो मुदतीआधी सोडवायचा, तर जुन्या क्लबला जी भरपाई द्यायची ती ही फी. करार संपला की खेळाडू मोकळा, फी शून्य. एम्बापे २०२४ मध्ये पीएसजीतून रिअल माद्रिदला गेला तेव्हा पीएसजीला फी म्हणून एक युरोही मिळाला नाही. म्हणून तर करार संपायला वर्ष-दीड वर्ष राहिलं की क्लब घायकुतीला येतात.

आता श्रीमंत क्लबांची खरी गंमत. कॉमर्सवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्याने लाखाचं मशीन घेतलं तर वहीत तो लाखभर खर्च एकाच वर्षी दाखवत नाही. मशीन पाच वर्षं चालणार, तर दरवर्षी वीस हजार घसारा. फुटबॉल क्लब खेळाडूचा असाच घसारा धरतात, कराराच्या वर्षांवर. चेल्सीने २०२३ च्या सुरुवातीला एन्झो फर्नांडेझला घेतलं १० कोटी ६८ लाख पौंडांना, पण करार केला साडेआठ वर्षांचा! वहीत दरवर्षी पडले साधारण सव्वा कोटी पौंड. पाच वर्षांचा करार असता तर दोन कोटींच्या वर पडले असते. नियमात कुठेच बसत नाही असं वाटणारी खरेदी अशी बसवली जाते. मग युएफा जागी झाली आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून हिशोबाला पाच वर्षांची मर्यादा घातली. डिसेंबरमध्ये प्रीमियर लीगनेही तेच केलं.

याची दुसरी बाजू अजून कडू आहे. अकॅडमीत लहानपणापासून वाढवलेल्या पोराची खरेदी किंमत वहीत शून्य असते. त्याला विकलं की अख्खी रक्कम नफा. म्हणून चेल्सी मेसन माउंटला विकते आणि बाहेरून नवा आणते. घरचा पोरगा विकणं हिशोबात सगळ्यात सोयीचं.

एकट्या २०२५ च्या उन्हाळ्यात प्रीमियर लीगच्या वीस क्लबांनी तीन अब्ज पौंडांवर खर्च केला. लिव्हरपूलने अलेक्झांडर इसाकसाठी साडेबारा कोटी पौंड दिले, तो ब्रिटिश विक्रम. टीव्हीचे हक्क, स्पॉन्सर, आणि मालकाचा खिसा. कुणाचा खिसा अमेरिकन फंडाचा, कुणाचा अबुधाबीचा, अल हिलालच्या बाबतीत तेव्हा थेट सौदीच्या सरकारी फंडाचा.

आणि एक खिसा पुण्याचा.

हे मी मावसभावाला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "ताई, वेंकीज म्हणजे ते चिकनवालेच ना?" तेच. कोंबडीची पिल्लं, अंडी, फ्रोझन नगेट्स. पुण्यातल्या सिंहगड रोडवरच्या या ग्रुपने नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. तेव्हा तो प्रीमियर लीगमध्ये होता. तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगते, ब्लॅकबर्न हे गाव बदलापूरपेक्षा लहान आहे. २०११ च्या जनगणनेत आपलं बदलापूर पावणेदोन लाखांचं, ब्लॅकबर्न सव्वा लाखाच्याही आतलं. जुनं कापड गिरण्यांचं गाव. आणि हे गाव १९९५ मध्ये इंग्लंडचं चॅम्पियन होतं!

तेही पैशानेच, बरं का. जॅक वॉकर नावाचा तिथलाच एक स्टीलवाला, लहानपणापासूनचा रोव्हर्सचा फॅन. त्याने क्लब घेतला, १९९२ मध्ये ब्रिटनमधली तेव्हाची विक्रमी रक्कम देऊन अ‍ॅलन शिअररला आणलं, आणि तीन वर्षांत लीग जिंकली. १९९६ मध्ये तोच शिअरर दीड कोटी पौंडांना न्यूकासलला गेला, तो तर त्या वेळचा जागतिक विक्रम. तेव्हाही लोक म्हणाले, ब्लॅकबर्नने ट्रॉफी विकत घेतली. पण गावातल्या लोकांना वॉकर अजूनही आपला वाटतो. स्टेडियमच्या एका स्टँडला त्याचं नाव आहे.

वेंकीजच्या वाट्याला ते आलं नाही. आल्या आल्या महिन्याभरात त्यांनी मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं. मग खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खाताना दिसणारी ती कुप्रसिद्ध जाहिरात. ७ मे २०१२ ला विगनविरुद्ध हरून क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला, आणि त्या मॅचमध्ये क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली गेली. पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस मॅनेजर, मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस. आपल्याकडे पीजीच्या रूमचं भाडंकरारसुद्धा याहून जास्त टिकतं. जॉर्डन ऱ्होड्सला ८० लाख पौंड देऊन आणलं, क्लबचा विक्रम, तरी वर जाता आलं नाही. २०१७ मध्ये तिसऱ्या पायरीवर घसरण, वर्षभरात परत दुसरीवर.

हे वाचून हसू येतं, पण एक गोष्ट मला खटकत राहते. या सगळ्या काळात पुण्याहून पैसे जातच होते. मालकांनी क्लब लुटला असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, उलट त्यांनी त्यात ओतलेच. पण मग २०२३ मध्ये ईडीच्या चौकशीमुळे कंपनीला इंग्लंडला पैसे पाठवण्याआधी दिल्ली उच्च न्यायालयात परवानगी मागावी लागली. लँकेशायरमधल्या एका गावाच्या टीमचा खर्च दिल्लीच्या कोर्टातल्या तारखेवर अवलंबून! त्याच हंगामात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ब्लॅकबर्नने अ‍ॅडम व्हार्टनला क्रिस्टल पॅलेसला १ कोटी ८० लाख पौंडांना दिलं. व्हार्टन ब्लॅकबर्नचाच पोरगा, सहाव्या वर्षापासून त्यांच्या अकॅडमीतला. घसारा शून्य, अख्खा नफा. चार महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो टीममध्ये होता.

महाराष्ट्रातला मालक म्हटल्यावर वाटतं, आपल्या पोरांना काही दार उघडलं असेल. थोडं उघडलं. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१९ मध्ये ब्लॅकबर्नच्या अकॅडमीत सरावाला गेला होता. पण तो सरावच, ट्रान्सफर नव्हे. आणि तोही कोल्हापूरचा, जिथे तालमींच्या टीम आहेत आणि शाहू स्टेडियमवर मॅचला गर्दी होते. आपल्याकडे काय आहे? तासाला हजार-बाराशेचा टर्फ, रात्री अकरानंतर स्वस्त.

आता त्या एका रुपयाकडे येते. फिफाचा एक नियम आहे, सॉलिडॅरिटी काँट्रिब्युशन. करार चालू असताना खेळाडू फी घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या फीतले ५ टक्के बाजूला काढायचे आणि १२ ते २३ वयात त्याला ज्या ज्या क्लबांनी शिकवलं त्यांच्यात वाटायचे. १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, त्यापुढे प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. नेमारच्या २२ कोटी २० लाखांचे पाच टक्के म्हणजे १ कोटी ११ लाख युरो, आणि तो वाढला सँटोसमध्ये, तेव्हा त्यातला मोठा वाटा सँटोसचा. समजा अंबरनाथच्या एखाद्या क्लबने एका पोराला बारापासून सतरापर्यंत खेळवलं, आणि पुढे कधीतरी तो परदेशात पाच कोटींना गेला, तर दोन टक्के, म्हणजे दहा लाख रुपये त्या क्लबचे. दहा लाखांत आपल्याकडे किती पोरांची किती वर्षांची फी भरली जाईल, तुम्हीच करा हिशोब.

अट एकच. पोरगा त्या क्लबकडून त्या वर्षी रजिस्टर असला पाहिजे. फिफा खेळाडूचा 'पासपोर्ट' बघते, म्हणजे कुठल्या हंगामात कुठल्या क्लबकडे नोंद होती त्याची यादी. आपल्याकडे ही नोंद एआयएफएफच्या सीआरएस या ऑनलाइन सिस्टिममध्ये होते, क्लबमार्फत. पोरगा किती भारी ड्रिबल करतो याचा त्या यादीत कॉलम नाही.

तर माझा मावसभाऊ. दोन वर्षं झाली अकॅडमीत. मावशी दर महिन्याला फी भरते, किटचे वेगळे, टूर्नामेंटचे वेगळे. पहिल्याच महिन्यात 'रजिस्ट्रेशन चार्जेस' म्हणूनही पैसे घेतले होते. गेल्या महिन्यात हा लेख लिहायचा म्हणून मी सहज त्याचा आयडी नंबर मागितला. तो अकॅडमीचं लॅमिनेट केलेलं ओळखपत्र घेऊन आला. त्यावर फोटो, ब्लड ग्रुप, मावशीचा फोन नंबर. सीआरएसचा आयडी नाही. विचारल्यावर कळलं, ते रजिस्ट्रेशन म्हणजे अकॅडमीच्या स्वतःच्या वहीतलं. अकॅडमी कुठल्या संघटनेशी संलग्नच नाही, तर नोंद करणार कशी? सरांचा सूर असा, की इतक्या लहान पोरांना त्याची काय गरज, आत्ता गेम एन्जॉय करू दे.

सरांवर मी रागावले, पण पूर्ण रागावता येत नाही. संलग्नता घ्यायची तर कागद, पैसे, जिल्ह्याच्या ऑफिसच्या चकरा. इथे टर्फचं भाडं निघताना मारामार. आणि अंबरनाथचा पोरगा परदेशात विकला जाईल हे त्यांना स्वतःलाच खरं वाटत नाही. पण सॉलिडॅरिटीचे पैसे राहू दे बाजूला. वयोगटाच्या अधिकृत लीगमध्ये खेळायचं तरी नोंद लागते. माझ्या भावाची बारा आणि तेरा ही दोन वर्षं फुटबॉलच्या कागदावर झालेलीच नाहीत. ती आता कुठल्याही विंडोत परत मिळणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, मोठा क्लब जवळ आला की सगळं सुधारेल. मुंबईत आला होता की. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबई सिटीचे ६५ टक्के घेतले. आयएसएलच्या दोन ट्रॉफी आल्या. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब झाला. आम्ही नेरूळला गेलो ते त्याच पैशाच्या जोरावर. आणि डिसेंबर २०२५ मध्ये, आयएसएल होणार की नाही हेच अधांतरी असताना, ग्रुपने आपला हिस्सा सोडला आणि निघून गेले. त्यांच्या वहीत आपण एक ओळ होतो.

मावशीने आता कल्याणच्या बाजूचा एक संलग्न क्लब शोधलाय. रविवारी पहाटे सहाची प्रॅक्टिस, मातीचं मैदान, टर्फ नाही म्हणून मावसभाऊ फुगून बसलाय. फॉर्मसोबत जन्माचा दाखला लागतो, ओरिजिनल. त्याचा जन्म उल्हासनगरच्या हॉस्पिटलमधला, दाखल्यावर नावाची स्पेलिंग आधारपेक्षा वेगळी. सोमवारी महापालिकेत जायचंय. रांगेत उभं राहायला माझी नेमारची जर्सी घालून तो येणार आहे, त्याला ती आता बरोब्बर बसते.