कोपऱ्यातले वस्ताद

मुष्टियुद्धाच्या रिंगणाला कोपरे चार असतात. त्यांतले दोन तटस्थ, आणि उरलेल्या दोहोंत एकेका योद्ध्याचे सारे बिऱ्हाड थाटलेले असते. तीन मिनिटांची फेरी संपून घंटा वाजली, की दोरांखालून एक तिवई आत सरकते, आणि पुढच्या साठ सेकंदांत, हजारो प्रेक्षकांच्या देखत पण बहुधा कोणाचेही लक्ष नसताना, तेथे जे काही घडते त्याच्यावर पुष्कळदा साऱ्या लढतीचा निकाल अवलंबून राहतो. एक जण चुळीपुरते पाणी देऊन बादली पुढे धरतो. दुसरा भुवईवरच्या जखमेत अॅड्रेनलिनमध्ये भिजवलेला कापूस दाबून रक्त थोपवतो, बर्फात ठेवलेली लोखंडी पट्टी डोळ्याखालच्या सुजेवर फिरवतो, चेहऱ्यावर व्हॅसलिन चोपडतो. आणि मुख्य वस्ताद योद्ध्याच्या अगदी समोर बसून फार तर दोन वाक्ये बोलतो, कारण धापा टाकणाऱ्या माणसाच्या मनात तिसरे वाक्य शिरतच नाही. या वस्तादाकडे आणखीही एक अखत्यार असतो, जो वापरण्याची वेळ आपल्यावर येऊ नये अशीच प्रत्येकाची प्रार्थना असते: पुढच्या फेरीला आपला माणूस उठणार नाही, असे तो पंचाला कळवू शकतो.

कोपऱ्याच्या या विद्येला विसाव्या शतकात ज्यांनी शास्त्राची योग्यता आणून दिली, त्यांत रे आर्सेल, कस डमाटो, अँजेलो डंडी अशी मोठमोठी नावे आहेत. परंतु सर्वांत वर मी एडी फच यांचे नाव लिहीन. मुहम्मद अलीच्या कारकिर्दीतील पहिले दोन पराभव, 1971 सालचा जो फ्रेझरकडून झालेला आणि 1973 सालचा केन नॉर्टनकडून झालेला, या दोहोंच्या मागे फच यांची मसलत होती, एवढा एकच दाखला कोणत्याही वस्तादाचे नाव चिरकाल राहण्यास पुरेसा झाला असता. तथापि माझ्या मनातील त्यांचे स्थान ठरले ते एका पराभवाने, आणि तो पराभव त्यांनी पूर्ण विचारांती, आपल्या योद्ध्याच्या इच्छेविरुद्ध, स्वतःच्या तोंडाने पत्करलेला होता.

9 ऑगस्ट 1911 रोजी मिसिसिपी राज्यातील हिल्सबरो येथे त्यांचा जन्म झाला. ते पाच वर्षांचे असताना कुटुंब डेट्रॉइटला आले, आणि तेथील 'ब्लॅक बॉटम' या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ते लहानाचे मोठे झाले. ब्रूस्टर मनोरंजन केंद्राच्या तालमीत त्यांच्या बरोबरीने जो लुई नावाचा एक तरुण घाम गाळीत असे, जो पुढे 1937 पासून 1949 पर्यंत हेवीवेट गटाचा जगज्जेता राहिला. वजनाने आपल्याहून कितीतरी हलक्या असलेल्या फच यांच्याशी सराव करण्याचा या लुईचा मोठा आग्रह असे, कारण हा चपळ गडी जर आपल्या टप्प्यात सापडला, तर मग कोणीही सापडेल असा त्याचा हिशेब होता. 1933 साली फच डेट्रॉइटच्या गोल्डन ग्लव्ह्ज स्पर्धेत लाइटवेट गटाचे विजेते ठरले. परंतु धंदेवाईक रिंगणात उतरण्यापूर्वी झालेल्या वैद्यकीय तपासणीत हृदयात दोष आढळला, आणि ती वाट कायमची बंद झाली. ज्याच्या एका ठोशाने आपला जबडा निखळेल अशा माणसासमोर रोज उभे राहायचे, तर त्याचा हात सुटण्याआधी त्याचा खांदा, त्याची टाच आणि त्याच्या श्वासाची लय ओळखता आली पाहिजे; मला वाटते, फच यांच्या दृष्टीचे शिक्षण तेथे, लुईच्या समोर, निरुपायाने झाले, आणि हृदयाच्या दोषाने ती दृष्टी स्वतःपुरती न राहता इतरांच्या कामी आली.

तिचे फळ हाती येण्यास मात्र फार अवधी लागला. तालमीच्या उत्पन्नावर चूल पेटत नसल्यामुळे लॉस अँजेलिसला गेल्यावर त्यांनी टपाल खात्यात चाकरी केली, आणि 1958 साली डॉन जॉर्डन वेल्टरवेट जगज्जेता झाला, तेव्हा आपला पहिला जगज्जेता पाहणारे हे वस्ताद सत्तेचाळीस वर्षांचे होते. मृदू बोलणारे, इंग्रजी काव्याचे वेड असलेले आणि अनेक कविता मुखोद्गत असलेले हे गृहस्थ ज्या धंद्यात वावरले, तो कर्कश दवंडीवर चालणारा धंदा होता. त्यात त्यांनी आवाज चढविल्याची ख्याती नाही.

फ्रेझरच्या पहिल्या दिवसांत त्याचा कारभार फिलाडेल्फियाच्या यँक डरहॅम यांच्याकडे होता, आणि फच यांना सल्लामसलतीसाठी बोलावून घेण्यात आले. हेवीवेट गटाच्या मानाने फ्रेझर ठेंगणा. उंच प्रतिस्पर्ध्याच्या लांब हातांपुढे ताठ उभा राहिला, तर तो केवळ निशाण होईल, हे ओळखून फच यांनी त्याला सतत वाकत, डोलत, ठोशांखालून पुढे घुसण्याची पद्धत लावून दिली, आणि ती अंगवळणी पडावी म्हणून रिंगणात आडवा दोर बांधून त्याच्या खालून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे त्याला जाण्यास लावले. ज्या फ्रेझरला जगाने पुढे ओळखले, तो या दोराखाली घडला.

अलीच्या बाबतीत त्यांनी केलेले निरीक्षण तर या विद्येचा आदर्शच समजावा. अलीचा वेग, त्याची पदलीला, त्याचे मागे झुकून ठोसा चुकविणे यांवर सारे जग लुब्ध झालेले असता, फच यांना दिसले ते असे, की खालून वर येणारा उजवा ठोसा, ज्याला अपरकट म्हणतात, तो मारण्यापूर्वी अली सरळ उभा राहून उजवा हात खाली नेतो, आणि त्या निमिषमात्र अवधीत त्याच्या जबड्याची ती बाजू उघडी पडते. वाकून येणाऱ्या फ्रेझरवर तो अपरकट मारण्याचा मोह अलीला होणारच. तेव्हा तो हात खाली गेला, की वाट न पाहता डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, सोडायचा, असे फ्रेझरला बजावण्यात आले. 8 मार्च 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, शेवटच्या, म्हणजे पंधराव्या फेरीत, अलीला पाठीवर लोळविणारा जो डावा हुक साऱ्या जगाने पाहिला, तो याच उपदेशाचा परिणाम होता.

दोन वर्षांनी नॉर्टनसाठी त्यांनी अगदी निराळी योजना आखली, आणि येथेच त्यांच्या बुद्धीची थोरवी विशेष दिसते. नॉर्टन उंच, धिप्पाड, पूर्वी नौदलाच्या मरीन दलात असलेला. त्याला फ्रेझरसारखे वाकविण्यात काहीच अर्थ नव्हता. अलीचे अर्धे राज्य त्याच्या डाव्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशावर, चाले. परंतु समोरचा जॅब थोपविण्यासाठी जो उजवा हात हनुवटीपाशी असावा, तो अली तेथे ठेवीत नसे, हे फच यांनी हेरले. म्हणून नॉर्टनला त्यांनी सांगितले, की अलीचा जॅब निघताच मागे न हटता त्याच क्षणी आपलाही जॅब टाक. तुझा उजवा हात जागेवर असल्यामुळे त्याचा ठोसा तेथे अडेल, आणि त्याचा हात जागेवर नसल्यामुळे तुझा त्याच्या तोंडावर बसेल. शिवाय प्रत्येक जॅबसरशी एक पाऊल पुढे टाकून त्याला दोरांपर्यंत ढकलीत न्यायचे, आणि तेथे पोहोचल्यावर त्याच्या डोक्याचा नाद सोडून बरगड्या गाठायच्या. 31 मार्च 1973 रोजी सॅन डिएगो येथे बारा फेऱ्यांनंतर निकाल नॉर्टनच्या बाजूने लागला, आणि अली मोडलेला जबडा घेऊन रिंगणाबाहेर आला.

त्याच वर्षी डरहॅम यांचे निधन झाले आणि फ्रेझरची पूर्ण जबाबदारी फच यांच्यावर आली. 1974 सालच्या दुसऱ्या लढतीत अलीने फ्रेझरच्या मानेवर हात टाकून त्याला वारंवार जखडून ठेवले होते, आणि पंचाने त्याकडे कानाडोळा केला अशी फच यांची रास्त तक्रार होती. म्हणून तिसऱ्या लढतीसाठी मनिलाला पोहोचताच त्यांनी पंचाच्या नेमणुकीचा प्रश्न स्थानिक अधिकाऱ्यांपुढे मांडला, आणि बाहेरून सुचविलेली नावे बाजूला सारून कार्लोस पडिला या फिलिपिनो पंचाची नियुक्ती करवून घेतली. वस्तादाचे काम रिंगणाच्या किती आधीपासून सुरू होते, हे यावरून ध्यानी यावे.

1 ऑक्टोबर 1975 ची ती लढत केसॉन सिटीच्या अरानेटा कोलिझियममध्ये सकाळी झाली. दूरदर्शनच्या दिव्यांनी आणि गर्दीने आतली हवा भट्टीसारखी तापलेली होती. प्रारंभी अली, मध्यंतरी फ्रेझर आणि शेवटी पुन्हा अली असा जोर फिरत गेला. फ्रेझरच्या डाव्या डोळ्याची दृष्टी मोतिबिंदूने आधीच मंदावलेली होती. उरलेला उजवा डोळा सुजून मिटत चालला, आणि तेराव्या व चौदाव्या फेरीत अलीचे उजव्या हाताचे ठोसे त्याला येताना दिसेनासे झाले. चौदावी फेरी संपल्यावर फ्रेझर तिवईवर बसला. फक्त तीन मिनिटे शिल्लक होती, जगज्जेतेपद पणाला लागलेले होते, आणि फ्रेझर लढू द्या म्हणून विनवीत होता. फच यांनी लढत थांबविली. उठू पाहणाऱ्या फ्रेझरला, बाळा, बैस, झाले सारे, आज तू येथे जे केलेस ते कोणी कधी विसरणार नाही, अशा अर्थाचे शब्द बोलून खाली बसविले.

पलीकडच्या कोपऱ्यात अलीही गलितगात्र झाला होता, आणखी थोडे थांबले असते तर कदाचित तोच उठला नसता, असा वाद त्यानंतर आजतागायत चालू आहे. मला या वादात गोडी वाटत नाही. पलीकडच्या तिवईवर काय चालले आहे, हे पाहून आपल्या माणसाच्या डोळ्यांचा सौदा ठरवायचा नसतो. आपल्यासमोर बसलेल्याला दिसत नाही, एवढे ज्ञान त्या घटकेला पुरेसे होते. फच यांनी आपल्या आयुष्यात मुष्टियुद्धाच्या आघाताने मेलेले तरुण पाहिलेले होते, आणि फ्रेझर हा मुलाबाळांवर जीव टाकणारा बाप आहे, हे त्यांना त्या क्षणी आठवत होते, असे ते पुढे सांगत. अलीच्या खाली जाणाऱ्या हातावर चार वर्षांपूर्वी जी नजर खिळली होती, तीच या वेळी स्वतःच्या शिष्याच्या मिटलेल्या डोळ्यावर खिळली. ती विजयासाठी तीक्ष्ण आणि दयेसाठी मंद अशी दुभंगलेली नव्हती, यातच मला त्यांचे मोठेपण दिसते. फ्रेझरला तो निर्णय तेव्हा मान्य नव्हता. तो 2011 सालापर्यंत, म्हणजे त्या दिवसानंतर छत्तीस वर्षे जगला.

त्यानंतरची फच यांची कारकीर्द विस्ताराने सांगण्यात स्वारस्य नाही. 1985 साली अपराजित लॅरी होम्सला हरविणारा मायकेल स्पिंक्स हा फच यांचा शिष्य होता, एवढे नमूद करून मी रिडिक बोवकडे वळतो. सोल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवूनही हा ब्रुकलिनचा तरुण आळशी म्हणून बदनाम झाला होता, आणि त्याला हाताशी धरण्यास नामांकित वस्ताद कचरत होते. सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या फच यांनी त्याला नेवाडातील रीनो येथे बोलावले, पहाटे धावण्याची चढणीची वाट नेमून दिली, आपण परगावी जात असल्याची बतावणी केली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी मोटारीत बसून ते त्या वाटेवर टेहळणीस जाऊन थांबले. बोव एकटाच, कोणी पाहत नसताना, चढण चढून धावत आला, तेव्हा त्यांनी त्याला शिष्य म्हणून पत्करले. 1992 साली याच बोवने इव्हँडर होलीफिल्डकडून हेवीवेटचे जगज्जेतेपद जिंकले. वस्ताद एक्क्याऐंशी वर्षांचे होते.

बोस्टनजवळच्या डेडहॅमचा फ्रेडी रोच हा त्यांचा शिष्य रिंगणात फार ठोसे खात असे. आता थांब, असे फच यांनी त्याला वेळीच सांगितले. त्याने ते मानले नाही, वडिलांना कोपऱ्यात उभे करून तो आणखी पाच लढती लढला, त्यांतल्या बहुतेक हरला, आणि तिशी येण्याच्या आधीच निवृत्त झाला. पुढे कंपवाताने त्याला गाठले. परंतु ज्यांचा शब्द मोडला होता त्यांच्याच पायाशी तो परत आला, आणि कित्येक वर्षे बिनपगारी साहाय्यक म्हणून राबून त्याने ती पाहण्याची विद्या आत्मसात केली. 1995 साली त्याने हॉलिवूडमध्ये 'वाइल्ड कार्ड' नावाची तालीम काढली. 2001 साली तेथे मॅनी पॅकियाओ हा फिलिपिनो तरुण आला, आणि केवळ डाव्या हातावर विसंबणाऱ्या त्या योद्ध्याला रोचने उजवा हात मिळवून दिला. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लास व्हेगास येथे फच निवर्तले. अमेरिकन मुष्टियुद्ध-लेखकांच्या संघाकडून वर्षातील उत्कृष्ट वस्तादाला जो पुरस्कार दिला जातो, तो फच यांच्या नावाचा असून रोचला तो सात वेळा लाभला आहे.

2007 साली रोचने ऑस्कर दे ला होया याला मेवेदरविरुद्धच्या लढतीसाठी तयार केले होते, आणि त्या सहवासात त्याच्या ध्यानी आले, की या नामवंत योद्ध्याला संधी दिसते, पण त्याचा हात आता पूर्वीसारखा सुटत नाही. पुढच्याच वर्षी पॅकियाओची त्याच्याशी गाठ पडली, तेव्हा अंगाने पुष्कळ लहान असलेल्या पॅकियाओचा धुव्वा उडेल असे जाणकार म्हणत होते. रोच मात्र आपले निदान उघडपणे सांगत राहिला. 6 डिसेंबर 2008 रोजी आठव्या फेरीनंतर दे ला होया तिवईवरून उठला नाही, त्याच्या कोपऱ्याने लढत थांबविली. तो चालत पलीकडे आला आणि रोचला म्हणाला, की तुझे खरे होते, माझ्यात आता ते उरलेले नाही; आणि त्यानंतर तो रिंगणात लढण्यास पुन्हा उतरला नाही.