इंजिन आणि टेंडर यांचा सांधा

एटापल्लीस लोहमार्ग नाहीं. भारतांतील ब्रॉडगेजवरचीं नित्याचीं वाफेचीं इंजिनेंही १९९५ सालीं थांबलीं. तेव्हां तेथल्या मुलांस असें इंजिन दाखवावयाचें तें छोट्या प्रतिकृतीवरूनच.

खऱ्या इंजिनास मागच्या टेंडरमधून कोळसा व पाणी मिळतें. विजेवरच्या प्रतिकृतींत पुष्कळदां टेंडरच्या चाकांतून वीज मिळते. म्हणून हा सांधा केवळ ओढण्यापुरता नव्हे.

जोडदांडी खिळीभोंवतीं मोकळी फिरली पाहिजे. ती आवळली, तर वळणावर चाकें रूळ सोडतात. फार लांब ठेवली, तर मध्यें कुरूप फट दिसते. तारांसही थोडी ढील असावी.

जोडणी होतांच सर्वांत तीव्र वळणावरून गाडी मुलाकडूनच हळू ढकलवावी. चाक कोठें उचलतें, तें त्याचें त्यालाच दिसेल.