एकशे नऊ दारं-खिडक्यांचं घर

मॉरिशस हे नाव मी लहानपणी ऐकलं, ते बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या मामूंच्या तोंडून. पुढं पन्नाशीत तिथं जायचा योग आला, तेव्हा मुद्दाम एक घर पाहून आलो.

राजधानी पोर्ट लुईपासून थोडं वर चढलं की मोका गाव लागतं. तिथं डोंगराच्या कुशीत ‘युरेका’ नावाचं लाकडी घर आहे. उसाच्या मळेवाल्यांच्या वैभवकाळातलं, १८३०च्या सुमाराचं. १८५६ साली युजीन लेक्लेझिओ यांनी लिलावात ते जिंकलं आणि आनंदानं ‘युरेका!’ म्हणाले, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. २००८चे नोबेलविजेते लेखक ल क्लेझिओ याच घराण्यातले.

दारं-खिडक्या मिळून १०९! मोजता मोजता मी तिशीनंतर चुकलो. इतकी दारं कशाला? तर वाऱ्यासाठी. एकीकडून आत आलेला वारा घरभर फिरून दुसरीकडून बाहेर पडतो. भोवतीचा व्हरांडा ऊन-पाऊस भिंतींपर्यंत येऊ देत नाही. मला आमच्या कोकणातली पडवी आठवली. स्वयंपाकघर मात्र वेगळं, दगडी. लाकडी घराला चुलीची धास्ती. शिवाय धूर, धग आणि राबणारी माणसं, तिन्ही दिवाणखान्यापासून लांब राहत.

ही राबणारी माणसं कोण? घर बांधलं तेव्हा तिथं गुलामगिरी होती. १८३५मध्ये ती कायद्यानं संपली. मग मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले गेले. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख माणसं गेली. बहुतेक बिहारकडची, काही तमिळ, तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठीही.

माझे टॅक्सीवाले त्यांच्यापैकीच एकांचे पणतू. मोडक्या मराठीत म्हणाले, “साहेब, मालकाचं घर राहिलं. आमचं गवताचं होतं, वादळात गेलं.”

परतताना त्यांनी मला पोर्ट लुईच्या धक्क्यावर नेलं. तिथं १८४९पासूनचा मजुरांचा डेपो आहे, आप्रवासी घाट. २००६मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. बोटीतून उतरलेले मजूर ज्या दगडी पायऱ्या चढले, त्या अजून आहेत. टॅक्सीवाल्यांनी चपला काढल्या. मीही काढल्या.

तुम्ही मॉरिशसला गेलात तर ‘युरेका’ जरूर पाहा. पण आधी या पायऱ्या पाहा.